आक्काची साक्ष

आमच्या घरात पितळी स्टो आला त्या दिवशी माय घाबरून अंगणात जाऊन उभी राहिली होती. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. परभणीची ड्युटी संपवून गावाकडं येताना त्यांनी तो स्टो पोत्यात गुंडाळून, तिकिटाच्या पेटीशेजारी मांडीवर धरून आणला. अंगणातून आत येऊन त्यांनी पंप मारला, काडी लावली आणि जो काही भर्रर्र आवाज सुरू झाला, गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणलं. माय बाहेरूनच म्हणाली, "ह्येच्यापरीस इमान आणलं असतं, निदान बसून कुठं तरी जाता आलं असतं." दादांनी तिकडं लक्षच दिलं नाही. एरवी आमचा स्वयंपाक चुलीवर, कापसाच्या पळाट्यांच्या जाळावर व्हायचा. पण पाव्हणे आले की दादा मोठ्या ऐटीत स्टो काढायला लावत. स्टो चालू असला की स्वयंपाकघरात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, मग पुढच्या खोलीतलं तर सोडाच. त्यामुळं माय आणि आक्का या दोघींनी हातवाऱ्यांची एक भाषाच तयार केली होती. दोन बोटं चोळली की मीठ, मनगट फिरवलं की भाकरी उलथ, हनुवटी वर केली की काय झालं. मी जेवता जेवता त्यांची नक्कल करायचो आणि आक्का उलथनं उगारायची. पुढं जे झालं त्यात त्या आवाजाचा हात आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता पंचावन्नी ओलांडल्यावर कळतंय, बिचाऱ्या स्टोला कशाला दोष देऊ, हात माझाच होता.

आमचं गाव पालम तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून तासभर चालत. घर पत्र्याचं, तीन खोल्या एकामागं एक. पुढची बैठकीची, मधली झोपायची, मागची स्वयंपाकाची. कोरडवाहू शेत आणि दादांची नोकरी यावर घर चालायचं. मी वकील व्हावं ही दादांची इच्छा. ती मी पुरी केली आणि मग घरच्यांच्या छातीत धडकी भरवली, कारण मला आणखी दोन वर्षं औरंगाबादला विद्यापीठात शिकायचं होतं. विषय, आंतरराष्ट्रीय न्याय आणि मानवी हक्क. आता हे गावात कसं सांगायचं? पारावर म्हातारी माणसं मला अडवून विचारायची, "दत्ता, मानवी हक्क म्हंजी कोन्तं खातं रं? पाटबंधारे का महसूल?" मी जगातली युद्धं, हेगचं न्यायालय, माणूस म्हणून असलेले हक्क असं काहीबाही सांगायला लागलो की ते मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "लय चांगलं हाय. पण बदली कुठं होती त्येच्यात?" मला त्यांचा राग यायचा. मी तेव्हा फार लवकर रागवायचो, आणि आपण सोडून बाकी सगळे मागास आहेत असं मला मनापासून वाटायचं.

औरंगाबादच्या होस्टेलवरची मेस म्हणजे पाण्यात डाळ शोधायची. पण दर पंधरा दिवसांनी मला घरून डबा यायचा आणि तो कसा यायचा ते सांगायलाच पाहिजे. दादा सकाळच्या गाडीत डबा ठेवत, परभणीला तो औरंगाबाद गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करत, आणि तो माणूस बसस्थानकावर माझ्या नावानं हाक मारत उभा राही. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, आणि घरी केलेल्या येसराची पुडी, म्हणजे नुसतं गरम पाण्यात कालवलं तरी आमटी व्हावी. डब्याच्या झाकणाखाली घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठी आक्काची. ती सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मात्र माझ्याहून सरळ. "म्हैस व्याली. वगार झाली. मायचे गुडघे दुखायलेत. तू धपाटे मित्रायला वाटून खात जा, एकटा खाऊ नको." स्वतःबद्दल ती एक ओळ लिहीत नसे.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नाव कौसल्या. तिला सोनपेठच्या पुढं, गोदावरीकाठच्या एका गावात दिली होती. माणसं खातीपिती, बागायती. चार वर्षं नांदली. मूल नव्हतं, त्यावरून बोलणी खायची, पण ते ती आम्हांला हसत सांगायची. मग एका सणाला सासूची बोरमाळ सापडेना. घरात माणसं बारा, पण बोट आलं ते आक्कावर. माहेरी नेऊन दिली म्हणाले. तिची पेटी अंगणात उपडी केली, साडीन् साडी झटकली, शेजारपाजारच्या बाया भिंतीवरून बघत होत्या. माळ निघाली नाही. तरी तिचा नवरा प्रल्हाद तिला सोनपेठच्या स्टँडवर आणून सोडून गेला. योगायोग असा की त्या गाडीवर कंडक्टर दादाच होते. आपली लेक पिशवी छातीशी धरून गाडीत चढली, तेव्हा त्यांनी तिला तिकीट फाडून दिलं आणि खिशातले पैसे पेटीत टाकले. पालमपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत, असं दादा एकदाच सांगत होते आणि सांगतानाही त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आक्का घरी आली. शिलाई मशीन घेऊन बसली, गावातल्या बायांची झंपरं शिवायला लागली. पण सोनपेठच्या बाजारात, लग्नाकार्यात, त्या गावचं कुणी भेटलं की कुजबुज व्हायची. "तीच ना ती, माळवाली?" वर्षभरानं दादांनी तालुक्याच्या कोर्टात पोटगीचा अर्ज लावला. प्रल्हादनं लेखी म्हणणं दिलं की बायको चोरी करून आपल्या मनानं घर सोडून गेली. वकिलानं ते वाचून दाखवलं, त्या दिवसापासून आक्काचं पोटगीवरचं ध्यान उडालं. मला म्हणाली, "दत्ता, मला त्येंचं खायाचं बी न्हाई आन ल्यायाचं बी न्हाई. मी चोरी केली न्हाई येवढं चारचौघांत झालं पायजे." पुढच्या तारखेला तिची साक्ष होती. मी सुट्टीत आलो की ती मशीन थांबवून विचारायची, कोर्टात उभं कुठं करतेत, आधी नाव इचारतेत का गाव, मधीच रडू आलं तर चालतंय का. मी तिला साक्षीपुराव्याच्या कायद्यावर अर्धा तास भाषण द्यायचो. रडू आलं तर चालतं का, याचं उत्तर मात्र मी दिल्याचं मला आठवत नाही.

इकडं विद्यापीठात आम्हांला काझी सर शिकवायचे. वयस्कर, बुटके, कोटाच्या खिशात कायम बडीशेप. मराठी बोलता बोलता दख्खनी कधी सुरू व्हायची त्यांचं त्यांना कळायचं नाही. मोठमोठ्या खटल्यांचे निकाल आम्ही पाठ करून जायचो आणि सर पहिल्याच वाक्याला अडवायचे. "कायदा बाद में, मियाँ. आधी सांगा, लागलं कुणाला? आणि ज्याला लागलं त्याचं म्हणणं काय?" आम्हांला ते पोरकट वाटायचं. आम्हांला न्यायालयाचे अधिकार, करार, कलमं यांत रस होता. त्याच वर्षी सरांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्य आणि समेट आयोगाबद्दल शिकवलं. तिथं ज्यांनी अत्याचार केले त्यांनी सर्वांसमोर खरं सांगायचं आणि ज्यांनी सोसलं त्यांनीही सर्वांसमोर बोलायचं. वर्तमानपत्रातलं एक छायाचित्र सरांनी वर्गात फिरवलं. टेबलावर पांढरा कपडा, पाण्याचा ग्लास, त्यामागं बसलेली एक बाई, तोंड उघडं, डोळे मिटलेले. मी भारावून गेलो. ते कात्रण मी सरांकडून मागून घेतलं आणि खोलीत भिंतीला चिकटवलं. प्रबंधाचा विषयही ठरवला, पीडिताचा बोलण्याचा हक्क. आणि त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं.

कोर्टात तारखांवर तारखा, त्यातून निघणार काय तर कागद. त्यापेक्षा प्रल्हाद आणि त्याच्या बापाला समोरासमोर बसवायचं, त्यांनी माणसांत खरं बोलायचं, आक्कानं केस मागं घ्यायची. खरं बोलण्याच्या बदल्यात माफी. आमच्याकडं मिटवामिटवीच्या बैठका पिढ्यानपिढ्या होत आल्यात, तीच बैठक, फक्त मी तिला शास्त्रशुद्ध करणार होतो. दादांना पटलं नाही. बूट काढता काढता म्हणाले, "चाललंय ते चालू दे. पोरीची साक्ष होऊ दे एकदा. आन बैठकच करायची आसल तर बोलतेल ते लिहून घी." मी म्हणालो, दादा, कागद पुढं आला की माणूस खरं बोलत नाही, हा विश्वासाचा मामला आहे, जगात आता असंच चाललंय. दादा जुने सातवी पास. पोरगा विद्यापीठात शिकतोय म्हटल्यावर ते गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं मला तेव्हा विजय वाटला.

आक्काला मी मशीनपाशी बसून समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. सुईत दोरा ओवत विचारलं, "सगळ्यायसमोर म्हणतेल?"

"सगळ्यायसमोर."

"त्येंच्या गावात? मारुतीच्या पारावर?"

मी म्हणालो, बघू, तसंच करू.

"आन मी बी बोलायचं?"

"म्हंजे काय. तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "मग मला आठ दिस दी." कशासाठी ते मी विचारलं नाही. बैठक ठरवायला मलाही आठ दिवस लागणारच होते.

मी आक्काच्या सासरी दोन खेपा केल्या. प्रल्हादचा बाप मुरलेला माणूस. पारावर नको म्हणाला, आमच्या गावात आमची शोभा कशाला, तुमच्या घरी येतो, पाव्हण्यासारखे येतो, बोलतो. केस मागं घेतल्याचा कागद तेवढा तयार ठेवा. मी कबूल केलं. घाई माझी होती, सुट्टी संपत आली होती आणि प्रबंधात एक प्रत्यक्ष उदाहरण हवं होतं. हे लिहायला मला आत्ताही जड जातंय, पण ते तसंच होतं. घरी येऊन आक्काला सांगितलं, पार जमत नाही, आपल्या घरी होईल. ती म्हणाली, "बरं. बोलनं झालं म्हंजी झालं."

बैठकीच्या दिवशी सकाळी मी पुढची खोली सजवली. शाळेतून टेबल आणलं, होस्टेलवरून आणलेली पांढरी चादर त्यावर टाकली, पाण्याचा तांब्या आणि काचेचा ग्लास ठेवला. टेबलामागं घरातली एकुलती एक हाताची खुर्ची, तिच्यावर मायची वाकळ घडी करून. ती खुर्ची प्रल्हादसाठी. बाकीच्यांना सतरंजी. आमच्याकडून दादा, चुलते, सरपंच, पालमहून आलेले मामा आणि भावकीतली पाच-सात माणसं. तिकडून प्रल्हाद, त्याचा बाप आणि दोघे. सगळ्यांची जागा मी मनात आखली होती. तुम्ही आता म्हणाल, आणि आक्काची? मी शपथेवर सांगतो, आक्काला बसवायचं नाही असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. नुसतं तिची जागाच कुठं येत नव्हती. आमच्याकडं बैठकीत बाया मागं असतात. तसा नियम कुणी केलेला नाही, त्यामुळं तो मोडावा असंही कुणाला सुचत नाही. दादांना नाही सुचलं, मायला नाही सुचलं आणि पीडिताच्या बोलण्याच्या हक्कावर शंभर पानं लिहिणाऱ्या मलाही नाही.

आक्का मधल्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिनं लग्नातली अंजिरी साडी नेसली होती. डोक्याला तेल, चापूनचोपून अंबाडा, कपाळावर नीट रेखलेलं कुंकू. किती तरी महिन्यांनी मी तिला तसं बघत होतो. मला चेष्टा सुचली. म्हणालो, "काय आक्का, आज कुणाचं लगीन हाय का काय?" ती लाजली आणि पदर सारखा करत म्हणाली, "आसू दे. चार मानसं येणार." तेवढ्यात जीप वाजली. दादा मागं वळून म्हणाले, "पाव्हणे आले. स्टो पेटवा."

पाव्हण्यांना आधी पाणी झालं, पान झालं, पाऊसपाण्याची चौकशी झाली. मागं स्टो भरभरायला लागला. मी उभा राहून छोटं भाषण केलं. सत्य म्हणजे काय, समेट म्हणजे काय, आफ्रिकेतली माणसं कशी पुढं आली. सरपंचानं जांभई आवरली. मग मी प्रल्हादला खुर्चीवर बसायला सांगितलं. तो संकोचला, बापाकडं बघितलं, बसला. बोलला मात्र बापच, खालीच बसून, तंबाखू मळत. "झालं गेलं गंगेला मिळालं. माळ घरातच निघाली, पेटाऱ्याच्या मागं पडली होती. उगं बोट आलं. आमीबी मानसंच हाव." मी प्रल्हादला म्हणालो, तुम्ही बोला. त्यानं ग्लास उचलला, पाणी प्यायला, ग्लासाकडं बघतच म्हणाला, "हां. चुकलं आमचं."

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. कात्रणातलं चित्र आपल्या पत्र्याच्या घरात उतरलं असं मला वाटलं. मामांनी "झालं तर मग" म्हणून मांडीवर थाप मारली, चुलत्यांनी प्रल्हादच्या पाठीवर हात ठेवला, सगळी खोली एकदम मोकळी झाली. आता पुढं काय, तर अशा वेळी आमच्याकडं जे करतात ते मी केलं. दारात जाऊन, स्टोच्या वर आवाज काढून ओरडलो, "आक्का, चहा आण."

ती आली. थाळीत कप, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिनं एकेकाच्या पुढं थाळी धरली, प्रल्हादच्याही. टेबलापाशी ती जरा रेंगाळली, पांढऱ्या चादरीकडं, ग्लासाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं कप कमी पडले. मी हातानंच तिला खूण केली, अजून दोन. ती आत गेली.

चहा झाल्यावर प्रल्हादच्या बापानं कागदाची आठवण केली. केस मागं घेतो अशी पुरसिस मी आधीच लिहून ठेवली होती, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. ती घेऊन मी मागं गेलो. माय कप विसळत होती, स्टो अजून चालूच होता, दुधाचं पातेलं वर. आक्कानं हात पुसले आणि हनुवटी वर केली. काय झालं, असं विचारायची तिची ती खूण. मी तिच्या कानाशी ओरडलो, "झालं. चुकलं म्हणले." तिनं पिठाच्या डब्याचं झाकण मांडीवर घेतलं, त्यावर कागद ठेवला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणातल्या दगडावर धुणं धूत होती. मी औरंगाबादच्या गाडीसाठी पिशवी भरत होतो. तिनं पिळा झटकत विचारलं, "दत्ता, कसं म्हणले रे ते?"

"चुकलं म्हणले."

"कोन म्हणलं? ह्येनी का मामंजी?"

"दोघं बी."

"चोरी केली न्हाई आसं म्हणले का? माझं नाव घिऊन म्हणले?"

मी आठवायला लागलो. भाषण मला शब्दन् शब्द आठवत होतं, माझं. त्यांच्या तोंडून तिचं नाव आल्याचं काही केल्या आठवेना. "आसं धरून चालायचं आसतं आक्का," मी म्हणालो, "मुद्दा तोच होता." ती "बरं" म्हणाली आणि दुसरं लुगडं साबणाला लावलं.

पुढचं लांबवत नाही. कोर्टातून अर्ज निघाला तसा तिकडं गावात गवगवा झाला की बघा, केस मागं घेतली, म्हणजे चोरी खरीच असणार, नाही तर कोण घेतंय? आमच्या बैठकीत ज्यांनी "चुकलं" ऐकलं ती सगळी आमचीच माणसं, त्यांना कधी शंका नव्हतीच. ज्यांनी ऐकायला पाहिजे होतं त्यांतलं कुणी तिथं नव्हतं. आम्ही विचारायला गेलो तर प्रल्हादचा बाप म्हणाला, चहाला आलो होतो, पाव्हण्यात बोलायचं म्हणून बोललो. लिहून काय ते दाखवा. वर्षाच्या आत प्रल्हादनं दुसरा संसार मांडला. दादा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आक्का सोनपेठच्या बाजाराला परत कधी गेली नाही. तिच्या चिठ्ठ्या येत राहिल्या, म्हशीच्या, वगारीच्या, मायच्या गुडघ्याच्या.

आणि मी काय केलं, तर प्रबंधात त्या बैठकीवर अठरा पानांचं प्रकरण लिहिलं, नावं बदलून. तोंडी परीक्षेत काझी सरांनी ते प्रकरण उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "दत्ताराव, सगळं आहे यात. सासरा बोलतो, नवरा बोलतो, तुम्ही तर बोलताच बोलता. जिला लागलं ती बाई कुठं आहे?" माझ्याकडं उत्तर तयार होतं. प्रातिनिधिक सहभाग, सांस्कृतिक संदर्भ, कुटुंबामार्फत व्यक्त होणारी संमती, असं मी धाडधाड बोललो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान हलवली. सरांनी चष्मा खाली घेतला, पान उलटलं. मला पहिला वर्ग मिळाला. निघताना सरांनी मुठीत बडीशेप दिली.

गेली पंचवीस वर्षं मी कायद्याच्या महाविद्यालयात हाच विषय शिकवतोय. पोरं हुशार आहेत, हातातल्या मोबाइलवर हेगचं कामकाज बघतात. पीडिताच्या सहभागाचा धडा आला की मी काझी सरांचा प्रश्न विचारतो, स्वतःचा असल्यासारखा. दर वर्षी. आणि दर वर्षी वाटायचं, एकदा पालमला जाऊन आक्काला तिचं म्हणणं विचारावं. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं. दादा गेले, माय गेली, आक्का पालमला दोन खोल्यांत राहते, पुढच्या खोलीत मशीन, शिवायला आता दोन पोरी शिकतात तिच्याकडं. मी सणासुदीला जातो, साडी देतो, तब्येतीचं बोलतो आणि शेवटच्या गाडीच्या आधी उठतो.

मागच्या संक्रांतीला गेलो. पोरी जेवायला गेल्या होत्या. आक्कानं गॅसवर चहा ठेवला. गॅसला आवाज नसतो. चहा उकळायला लागल्याचं, मशीनवरच्या घड्याळाची टिकटिक, सगळं ऐकू येत होतं. मी तिच्या पाठीकडं बघत म्हणालो, "आक्का, त्या दिवशी तू आठ दिस मागून घेतलेस. कशाला?"

मला वाटलं ती म्हणेल, कोणत्या दिवशी. ती म्हणाली, "पाठ करायलते."

"काय?"

"मला बोलायचं व्हतं ते. तूच म्हणलास ना, तुझ्यासाठीच चाललंय म्हणून. रोज म्हशीपुढं उभी ऱ्हाऊन म्हणायचे. रडू यायचं मधीच, मग परत पयल्यापसून. आठव्या दिशी न्हाई आलं रडू. बैठकीदिशी स्टोपाशी बसून बी तेच म्हणायलते."

मी म्हणालो, चुकलं माझं. म्हणालो आणि लगेच ते शब्द कुणाचे आहेत ते आठवलं, म्हणून परत म्हणालो, कौसल्या, मी तुला बोलू दिलं नाही, तुझी साक्ष होणार होती ती मी घालवली. एवढं नीट म्हणायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. ती पाठमोरीच होती. मी उठलो, मशीनपुढची खुर्ची आणून तिच्यापाशी ठेवली आणि म्हणालो, "आता सांग. मी ऐकतो."

"आता ऱ्हातंय व्हय ध्यानात," ती म्हणाली. पण गॅस बारीक केला. खुर्चीवर बसली नाही. माझ्याकडं वळली, पदर खांद्यावरून पुढं घेतला, चहाची गाळणी हातात तशीच, आणि समोर भिंतीकडं बघत, शाळेत उभं राहून म्हणतात तशा आवाजात म्हणाली, "माझं नाव कौसल्या. मी आज खरं तेच सांगायले. ती बोरमाळ मी हातात धरली न्हाई, डोळ्यानं बघितली ती फकस्त आत्याबाईच्या गळ्यात. माझी पेटी तुमी अंगणात उपडी केली तवा..."

ती थांबली.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं तू हाक मारलीस," आक्का म्हणाली. "चहा आण म्हणून."